सक्तीची तपकीर

सरकारला हुलकावणी देणारी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. पण ‘मला पकडा हो’ म्हणत सरकारच्या मागे धावणारा माणूस उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा होता. आम्ही सगळे त्यांना आतोबा म्हणत असू. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला मी गुहागरहून रत्नागिरीला आलो, एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि खोली भाड्यानं घेऊन राहू लागलो. रविवारचं जेवण मात्र शिरगावच्या रस्त्याला आत्याकडे ठरलेलं. जेवण उत्तम असे, पण फुकट नसे. मी हात धुऊन पडवीत आलो की आतोबा कागद पुढे सरकवीत आणि म्हणत, “बस. एक अर्ज करायचाय.” मसुदा मी करायचा आणि शाई वाळली की तो त्यांनी स्वतः नव्यानं लिहून काढायचा, कारण माझं अक्षर त्यांच्या मते ‘कोंबडी परवडली’ या जातीचं होतं. माझ्या कचेरीसाठी मी जितका मजकूर लिहिला असेल, त्याहून जास्त आतोबांसाठी लिहिला, आणि त्यातला एकही अर्ज काही मागण्यासाठी नव्हता. सगळे अर्ज काही ना काही अंगावर घेण्यासाठी होते.

आता रेडिओचंच पाहा. त्यांच्या घरातला रेडिओ कित्येक वर्षं मुका होता. आत्या त्याच्यावर लोणच्याची बरणी ठेवी. पण रेडिओच्या लायसनची मुदत आली की आतोबा धोतर नेसून, टोपी घालून पोस्टात हजर. “अहो, बंद रेडिओचं कसलं लायसन भरता?” असं तिथल्या कारकुनानं एकदा काकुळतीला येऊन विचारलं. आतोबा म्हणाले, “आणि न भरता घरी गेलो आणि दुपारी तो बोलायला लागला तर?” पुढे सरकारनं ते लायसनच रद्द केलं, तेव्हा सगळ्या देशात वाईट वाटलेला माणूस बहुधा हाच असावा. तीच गोष्ट एसटीची. चिपळूणला व्याह्यांकडे एक फणस न्यायचा होता. कंडक्टरनं फणसाचं तिकीट फाडलं नाही, म्हणून या गृहस्थांनी हातखंब्याला गाडी थांबवून धरली. कंडक्टर म्हणाला, “राहू द्या हो आजोबा.” यांनी विचारलं, “राहू द्या म्हणजे? त्याला वजन आहे की नाही? तो जागा अडवतोय की नाही? मग तो उतारू आहे.” शेवटी उतारूंनीच आरडाओरडा करून त्या फणसाचं तिकीट काढायला लावलं. आतोबांनी ते फणसाच्या देठाला दोऱ्यानं बांधलं आणि मग कुठे गाडी हलली.

त्यांचा धंदा म्हणजे त्यांचं घर आणि घर म्हणजेच धंदा. उन्हाळ्यात रातांबे फोडून आमसुलं घालायची, आंब्याचा रस आटवून पोळी वाळवायची, फणसाचे पापड लाटायचे. पावसाळ्यात मेतकूट, कुळथाचं पीठ, मसाले. मुंबईला दोन-तीन दुकानांत माल जाई. खळ्यात, पडवीत, मागच्या मांडवात मिळून पंधरा बाया कामाला होत्या, आसपासच्या वाड्यांवरून चालत येणाऱ्या. या घराचा एक कायदा होता, आणि तो सरकारनं केलेला नव्हता: रिकाम्या हातानं कोणी बोलायचं नाही. या घरात जो बसेल त्याच्या पुढ्यात काहीतरी येई. पोस्टमनपुढे सोलायला फणसाच्या आठळ्या, भटजींपुढे निवडायचे धणे, शेजारच्या मास्तरांपुढे रातांबे. माझं लग्न ठरवायला माझे सासरे प्रथम या घरी आले, ते सुपारी कातरत आणि गोत्र विचारत रुबाबात बसले. पाऊण तासानं उठले तेव्हा त्यांची दहाही बोटं रातांब्यांनी लालभडक झाली होती आणि गोत्राचं विचारायचं राहून गेलं होतं. मुलीला त्यांनी घरी जाऊन सांगितलं, “मुलगा ठीक आहे. माणसं कामसू वाटतात. फार कामसू.”

आतोबांना व्यसन एकच, तपकिरीचं. पण तेही उठसूट नव्हे. मनाशी काही पक्कं ठरलं की ते चिमूट ओढीत आणि अशी शिंक देत की खळ्यातले कावळे उडत. बाया त्यांना भाऊ म्हणत. शिंक ऐकली की त्यांना कळे, भाऊंचा निर्णय झाला. त्यांच्याशी वाद घालायचा तो शिंकेच्या आधी, नंतर नाही. त्यांचा दुसरा हट्ट असा, की कोणाकडून काही म्हणून घ्यायचं नाही. कोणी पाच आंबे आणून दिले तर संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात दहा पोचत. लोकांनी पुढे पुढे काही आणणंच सोडून दिलं, कारण दुप्पट घ्यायची लाज वाटे. मी पहिल्या पगाराचा एक पंचा आणला होता. दुसऱ्या रविवारी मला दोन पंचे मिळाले.

आणि या सगळ्या संसाराच्या मध्यावर आत्याची शिसवी पेटी होती. माजघरात, देवाच्या खाली. लावणीसाठी कोणी बाई महिनाभर गावी निघाली, कोणी मुंबईला नवऱ्याकडे किंवा मुलाकडे निघाली, की फडक्यात बांधलेलं एक गाठोडं आत्याच्या हातात देई. “वैनी, ह्या ठेवा.” त्यात कुड्या असत, मुलाच्या जन्माचा दाखला असे, एखाद्या गाठोड्यात नुसतंच एक पत्र. आत्यानं कधी कोणाचं सोडून पाहिलं नाही आणि कधी कोणाचं चुकवलं नाही. गाठोड्यावरच्या चिंधीचा रंग पाहून ती ओळखत असे. हे सांगून ठेवतो, कारण पुढे सरकारला या पेटीनंच बुचकळ्यात टाकलं.

एका रविवारी आतोबांच्या ओळखीचे एक काजूचे कारखानदार आले होते. रीतीप्रमाणे त्यांच्या पुढ्यात आठळ्या आल्या. सोलता सोलता ते आपल्या धंद्याच्या खुब्या सांगू लागले. “एक लक्षात ठेवा,” ते म्हणाले, “माणसं एकोणीसच्या वर ठेवू नयेत. विसावं माणूस आलं की प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा लागतो. तुम्ही नशीबवान, तुमची पंधराच.” आतोबांनी आठळी खाली ठेवली. “म्हणजे वीस असली तर त्यांच्या म्हातारपणाची सोय करायची?”

“सक्तीनं! त्यांचा वाटा, आपला वाटा, दर महिन्याला सरकारात.”

“आणि एकोणीस असली तर?”

“तर काही नाही,” कारखानदार खुशीत हसले.

“विसावी बाई म्हातारी होते आणि एकोणिसावी काय जन्मभर परकर-पोलक्यात राहते?” आतोबांनी विचारलं. कारखानदार पुन्हा आठळ्या सोलू लागले. आतोबांनी डबी काढली, चिमूट ओढली आणि शिंकले. कावळे उडाले. स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला, “आता काय ठरवलंत?”

त्यांनी काय ठरवलं होतं ते पुढच्या रविवारी माझ्या वाट्याला आलं. प्रथम त्यांनी पंधराच्या वीस करायचा प्रयत्न करून पाहिला. आत्याला म्हणाले, “पहाटेपासून राबतेस, तुला सोळावी धरायला काय हरकत आहे?” आत्या म्हणाली, “हरकत काही नाही. मागची तीस वर्षं धरून पगार काय देताय ते सांगा.” तो विषय तिथेच मिटला. मग मी माझ्या कचेरीतल्या एका जुन्या हेडक्लार्कना विचारून बातमी आणली, की माणसं वीसपेक्षा कमी असली तरी मालक आणि निम्म्याहून जास्त कामगार या दोघांनी मिळून मागणी केली, तर सरकार तो कायदा लागू करू शकतं. हे ऐकून आतोबांनी मला भरल्या पोटावर आणखी एक आंबापोळी खायला लावली. आम्ही अर्ज धाडला. दोन महिन्यांनी फंडाच्या कचेरीतून उत्तर आलं: आपल्याकडे वीस कामगार नसल्याने सदर कायदा आपणास लागू होत नाही, तरी काळजी नसावी. “काळजी नसावी!” आतोबा पडवीत येरझारा घालू लागले. “मी काळजी लावून घ्यायला अर्ज केला आणि हे म्हणतात नसावी!” आम्ही दुसरा अर्ज केला, तिसरा केला. चौथ्या अर्जात आतोबांनी माझ्या मसुद्याबाहेरचं एक वाक्य स्वतः घातलं: ‘मी पळून जाणाऱ्यांतला नव्हे, तरी मला पकडण्यास आपणास काहीही कष्ट पडणार नाहीत.’ या वाक्यानं कचेरीतलं कोणीतरी हसलं असावं, कारण त्यानंतर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा आला. सोबत कामगारांची लेखी संमती मागितली होती.

आणि इथे माशी शिंकली. बाया नाही म्हणाल्या.

मे महिन्यातली दुपार होती. खळ्यात मांडवाखाली पंधराही जणी रातांब्यांच्या राशीभोवती बसल्या होत्या. आतोबांनी उभं राहून कायदा वाचून दाखवला. त्यातलं एक कलम त्यांना फार आवडलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलं, बोट वर करून. “एकदा का हा लागू झाला, की मालकाला तो काढता येत नाही. मला वेड लागलं तरी नाही, मी भिकेला लागलो तरी नाही. कळलं? सुटका नाही!” त्यांना वाटलं टाळ्या पडतील. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मजुरीतून काही कापलं जाणार हे त्यांना कळलं होतं. तेवढी मजुरी वाढवतो हेही आतोबांनी सांगितलं होतं. पण दुखणं निराळंच होतं. शेवटी भागी बोलली. भागी म्हणजे सगळ्यांत जुनी. आतोबांच्या आईच्या हाताखाली, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी आलेली. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला, भाऊ नाही, भाचा नाही. बाकीच्या जणी तिच्या तोंडाकडे बघून हसत आणि तिच्याच तोंडाकडे बघून गप्प होत.

“आमचा काय चुकला, भाऊ?” ती म्हणाली. “इतकी वर्षा तुमीच बगितलांव. आता सरकारच्या दावनीला कशाला बांदताव?”

त्यांना वाटत होतं, भाऊ त्यांना दुसऱ्याच्या गळ्यात मारतायत. आतोबा ‘अगो, तसं नव्हे’ इतकंच म्हणाले आणि अडकले. कंडक्टरला, पोस्टाला, खुद्द सरकारला गप्प करणारा माणूस तिथं तोंड उघडून नुसता उभा राहिला. त्यांनी डबी काढली, चिमूट ओढली, पण शिंकसुद्धा आली नाही. तेव्हा माजघराच्या दारातून आत्या बाहेर आली.

“हे सांगायचे नाहीत, मी सांगते,” ती म्हणाली. “चंद्री आठवते का गो तुम्हांला?”

जुन्या होत्या त्यांना आठवत होती. चंद्रीनं या घरात जन्म काढला होता. बोटं वाकडी झाली तेव्हा सासूबाईंनी तिची ओटी भरली, साडी-चोळी दिली, नारळ दिला, आणि आता सुखानं घरी बस म्हणून सांगितलं. तशीच रीत होती. सगळीकडे तीच होती. “त्याला चार वर्षं झाली असतील,” आत्या म्हणाली, “हे लांज्याला गेले होते. स्टँडवर एक म्हातारी करवंदांचे द्रोण घेऊन बसली होती. यांनी द्रोण घ्यायला हात पुढे केला आणि बघतात तर चंद्री. तिनं यांना ओळखलं. ओळखलं आणि पदर पुढे ओढून तोंड झाकून घेतलं. स्वतःची लाज वाटून नव्हे हो. यांना लाज वाटू नये म्हणून. त्या दिवसापासून हे घरात करवंद आणू देत नाहीत. आपण मेलो, हा धंदा बुडाला, मुलं मुंबईला गेली, तर तुमच्यातली कोणी स्टँडवर दिसू नये एवढंच त्यांचं म्हणणं आहे. सरकार मरत नाही म्हणून सरकार हवंय. दुसरं काही नाही.”

आतोबा अंगणाच्या दगडी गडग्याकडे तोंड करून उभे होते. मी या घरात इतकी वर्षं जेवलो होतो आणि करवंदाचं लोणचं का नसतं हे कधी माझ्या मनातही आलं नव्हतं. मग भागी उठली. मी शाईचं पॅड उघडलं तर ते उन्हानं खडखडीत वाळलेलं. भागीनं थांबायची तसदी घेतली नाही. अंगठा रातांब्याच्या रसात बुडवला आणि कागदावर दाबला. तिच्यामागून चौदा जणींनी तसंच केलं. तो संमतीचा कागद सरकारदरबारी आजही कुठेतरी असेल तर त्याला आंबट वास येत असेल.

फॉर्म भरायचं काम आतोबांनी माझ्याकडे दिलं नाही. एवढ्या मोलाच्या कागदावर कोंबडी नाचवायची नव्हती. त्यांनी चौरंग घेतला आणि एकेकीला बोलावून विचारत स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात पंधरा फॉर्म भरले. त्यात एक रकाना होता, वारसाचा. तो आला की आतोबा विचारीत, “बरं, तू नसलीस तर तुझे पैसे कोणाकडे द्यायचे?” पहिली म्हणाली, “कोनाकडं म्हंजे? वैनींकडं.” दुसरी म्हणाली, “वैनींकडं.” पंधराच्या पंधरा जणींनी तेच सांगितलं. काही तर प्रश्न ऐकून हसल्या. लावणीला गेलं, मुंबईला गेलं, की आपलं किडुकमिडुक वैनींच्या पेटीत असतं हे या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक, ते सरकारला विचारावंसं वाटावं याचंच त्यांना नवल. आणि आतोबांनीही प्रत्येक फॉर्मवर माझ्या आत्याचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. आत्याला दिसलं नाही. मी दहा-बारा वर्षं शिकून सरकारी नोकरीत लागलेला माणूस, मी ते पंधराही कागद एकावर एक लावून पाकिटात घातले, आणि खरं सांगतो, मलाही दिसलं नाही.

सरकारला दिसलं. महिनाभरात एक इन्स्पेक्टर न कळवता येऊन थडकले. तरणे, देशावरचे, उन्हानं करपलेले, हातात चामडी बॅग. पंधरा कामगारांच्या मरणानंतरचे सगळे पैसे मालकाच्या बायकोला मिळणार असं लिहून देणारा मालक त्यांच्या पाहण्यात आला नव्हता, आणि अशा मालकाला बेड्या घालूनच न्यायचं असं ठरवून ते आले असावेत. अडचण इतकीच झाली की मालक मागच्या दारानं पळण्याऐवजी पुढच्या दारातून धावत आले. “आलात! या या, केव्हाची वाट बघतोय!” आतोबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. “पकडा!” इन्स्पेक्टर चपापले. त्यांना पडवीत बसवलं, पन्हं दिलं, आणि ते संपेपर्यंत त्यांच्या पुढ्यात सुरी आणि रातांबे आले. बिचाऱ्यांनी गांगरून दोन फोडले, मग तिसरा, आणि मग उलटतपासणी चालली ती रातांबे फोडत फोडतच.

“पैसे वहिनींना का म्हणून?” त्यांनी भागीला विचारलं. मालकांना आत पाठवलं होतं.

“मग कुनाकडं ठेवायचं?”

“तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का? घाबरू नका.”

“दबाव?” भागीनं त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “तुमी असा करा, आत चला. दाकवतंय.”

तिनं त्यांना माजघरात नेलं आणि आत्याला पेटी उघडायला सांगितली. आत ओळीनं गाठोडी होती. लाल चिंधीचं, हिरव्या काठाचं, निळ्या ठिपक्यांचं. भागीनं एकेक बोटानं दाखवलं, “ह्या पारूचा, ती मुंबईस गेलीय. ह्या शेवंतीचा. ह्या माजा, सतरा वर्षा हितंच हाय. कुलूप नाय, बगा.” इन्स्पेक्टर लाल बोटं आपल्या अंगापासून लांब धरून त्या पेटीवर वाकले आणि गाठोडी मोजू लागले. मग बाहेर आले आणि स्वतःच आणखी एक रातांबा उचलला. म्हणाले, “मालक, आमच्या कचेरीलासुद्धा कुलूप लागतं हो.” मग त्यांनी सगळ्यांना नीट समजावलं, की ‘नसलीस तर’ म्हणजे गावी गेलीस तर नव्हे, मेलीस तर. बायांनी तोंडाला पदर लावले, मेलं काय बोलायचं ते म्हणून कुजबुजल्या, आणि मग नवऱ्यांची, मुलांची नावं सांगायला लागल्या. म्हणजे नवऱ्यांची नावं स्वतः घ्यायची नव्हती, ती शेजारणीनं सांगायची. त्यात दुपार गेली. कायदा असा, की घरचं माणूस असेल तर वारस तेच हवं. कोणीच नसेल तर मात्र मर्जीतलं कोणीही चालतं. चौदा फॉर्म बदलले, त्यातला पारूचा ती मुंबईहून परतल्यावर. भागीचा तेवढा होता तसाच राहिला.

निघताना इन्स्पेक्टरांनी बॅग उचलली आणि सहज विचारलं, “यांचं झालं मालक. तुमच्या म्हातारपणाचं काय?”

आतोबा दिलखुलास हसले. “छे छे! मालकाला फंड नसतो.” आणि नियम तो नियम, त्यांनी इन्स्पेक्टरांना फोडलेल्या रातांब्यांची मजुरी देऊ केली. इन्स्पेक्टर जवळजवळ पळतच फाटकाबाहेर गेले. आतोबांच्या हसण्यात सगळं घर सामील झालं होतं. फक्त भागी हसत नव्हती, हे मला पुढे आठवलं.

कायदा लागू झाला. पुढची सहा-सात वर्षं दर महिन्याला आतोबा धोतर-टोपी घालून फंड भरायला जात, देवदर्शनाला जावं तसे. नंतर गुडघे गेले, डोळ्यांत पडदे आले. मुलं मुंबईत रमली होती. दुकानांना कारखान्यातली सरबतं आणि प्लास्टिकच्या पिशवीतली आमसुलं स्वस्त पडू लागली, आणि एका पावसाळ्याच्या तोंडाशी आतोबांनी धंदा बंद केला. बायांना जिचे तिचे पैसे मिळाले. चंद्रीला लांज्याहून आणायला त्यांनी मला संमतीच्या त्या दुपारनंतर लगेच पाठवलं होतं, पण ती त्याआधीच वारली होती. ते दुःख त्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिलं. बाकी कोणी स्टँडवर बसलं नाही. भागीनं आपले पैसे पोस्टात ठेवले आणि तिला महिन्याच्या महिन्याला व्याज मिळू लागलं.

पहिलं व्याज हातात पडलं त्या दिवशी ती सरळ शिरगावच्या रस्त्याला आली. मी तिथेच होतो. आतोबा रिकाम्या पडवीत रिकाम्या हातानं बसले होते. या घरातलं ते दृश्य मला कधी सवयीचं झालं नाही. भागीनं कनवटीची एक डबी काढून त्यांच्यापुढे ठेवली. नव्या तपकिरीची.

“हे काय गो?” आतोबा एकदम ताठ झाले. “उचल ती. नाहीतर तुला दोन घ्याव्या लागतील.”

“तुमचा फंड,” भागी म्हणाली.

“मालकाला फंड नसतो!”

“सरकारचा नसंल. ह्यो माजा हाय.” ती खांबाला टेकून खाली बसली. “आनि परत करता येनार नाय, भाऊ. एकदा लागू झाला की मालकास काडता येत नाय. तुमीच वाचलांव, दोनदा. बोट वर करून.”

आतोबांनी आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कोणी मदतीला गेलं नाही. कायद्याचा माणूस कायद्यात सापडला होता. मग त्यांनी ती डबी उचलली, झाकण काढलं, चिमूट ओढली आणि शिंकले. खळ्यात आमसुलं नव्हती, त्यामुळे उडायला कावळेही नव्हते. पण शिंक अस्सल होती. आयुष्यात प्रथमच त्यांनी कोणाकडून काही घेतलं आणि परत केलं नाही.

त्यानंतर दर महिन्याला डबी येत राहिली, आतोबा होते तोवर. ते गेले नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं तेव्हा, वैशाखात, रातांबे पिकायच्या दिवसांत. माझी बदली झाली होती, मी दहाव्याला पोचलो. पुढे सात-आठ महिन्यांनी आत्याकडे गेलो तर कोनाड्यात तपकिरीच्या डब्या ओळीनं मांडलेल्या, एकीचंही झाकण न उघडलेल्या. घरात तपकीर ओढणारं आता कोणी नव्हतं. मी विचारलं, “आत्या, या कसल्या गं?”

“भागी आणते. पोस्टातून निघाली की आधी इथे येते.”

“अगं, मग तिला सांग ना आता नको आणू म्हणून. म्हातारीचे पैसे फुकट जातात.”

आत्या कुळीथ निवडत होती. तिनं माझ्या पुढ्यात एक सूप सरकवलं आणि मी निवडायला लागेपर्यंत काही बोलली नाही.

“सांगून पाहिलं की,” ती म्हणाली. “ऐकत नाही. म्हणते, भाऊंच्या मागे वारस तुम्हीच. आणि सक्तीचं आहे.”